पाचशेच्या वरचं युनिट कुणाचं?

२०२२ च्या एप्रिलमध्ये परभणी रोज टीव्हीवर झळकायची. देशातलं सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, तर परभणीत, लिटरला १२३ रुपये ४७ पैसे. त्याच पट्टीत पाठोपाठ सगळ्यात स्वस्त पेट्रोलचं गाव सरकत यायचं: पोर्ट ब्लेअर, ९१ रुपये ४५ पैसे. म्हणजे इंग्रजांच्या काळात जिथं जायला जन्मठेप व्हावी लागायची, तिथं समुद्र ओलांडून तेल पोचतं ते स्वस्त. आणि मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर निघतो, सरळ रस्त्यानं आमच्याकडं येतो, ते ३२ रुपयांनी महाग. जाणकार सांगायचे, यात करांचा वाटा मोठा, अंदमानात व्हॅट नावापुरता, महाराष्ट्रात भरगच्च, शिवाय तीनशेएक किलोमीटरचं टँकरभाडं. पटायचं. पण पट्टी सरकून गेली तरी आमची छाती थोडी फुगलेलीच राहायची. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही कशाच्या जोरावर म्हणतो, ते आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. पेट्रोलनं निदान दुसऱ्या अर्ध्या भागाला कागदोपत्री पुरावा दिला.

त्या महागाईचं एक बरं होतं. ती सगळ्यांची होती. पंपावरच्या पाटीवर जो आकडा, तोच कलेक्टरच्या गाडीला, तोच काळीपिवळीवाल्याला, तोच ट्रॅक्टरवाल्याला. जिंतूर रोडवरच्या टपरीवर ‘आज किती झालं हो?’ एवढं म्हटलं की अनोळखी माणसाशीही अर्धा तास बोलता यायचं. दिल्ली, मुंबई, अरबस्तान, रशिया, सगळ्यांचा उद्धार करून माणसं हलक्या मनानं आपापल्या कामाला लागायची.

माझ्या भाच्यानं यात बिब्बा घातला. त्यानं जुना छोटा हत्ती विकला आणि बॅटरीवरचा घेतला.

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, २००५ साली आलेली. तिच्या बॅटरीवरच्या अवताराची घोषणा झाली ५ मे २०२२ ला, म्हणजे आमच्या त्या विक्रमी एप्रिलला महिना व्हायच्या आत. भाच्याच्या मनात तो तेव्हापासून घर करून होता. कर्ज मंजूर व्हायला मात्र बराच वेळ गेला. सहाशे किलो माल, २१.३ युनिटची बॅटरी, आणि एका चार्जिंगमध्ये १५४ किलोमीटर, हा चाचणीतला आकडा. चाचणीच्या रस्त्यावर जिंतूर रोड नसतो, साखरेची पोती नसतात आणि पुढच्या सीटवर ‘बोरीपर्यंत सोड की’ म्हणत चढलेले दोन पाहुणे नसतात. भाच्याला शंभराच्या आसपास मिळतात. नव्या मोंढ्यात माल भरायचा, झरी, बोरी करत जिंतूर गाठायचं आणि परत यायचं, नव्वद किलोमीटर. पुरतं. परतताना काट्याकडं बघत गाणी बंद करावी लागतात, पण पुरतं.

नवी गाडी शिकायला त्याला फार त्रास झाला नाही. जुनी विसरायला झाला. डिझेलवाला ड्रायव्हर उतार लागला की गाडी न्यूट्रलवर सोडतो. अर्धा पावशेर डिझेल वाचवल्याचं समाधान आमच्या भागात पुण्यकर्मासारखं मानलं जातं. या गाडीचं उलटं. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्येच राहू दिली, तर मोटरच वीज तयार करून बॅटरीत परत घालते. न्यूट्रलवर सोडली तर तीही गेली. भाच्याचा हात मात्र उतार दिसला की आपोआप दांडीच्या जागी जायचा, आणि तिथं दांडी नसल्यानं गुडघ्यावर पडायचा. बरेच दिवस तो प्रत्येक उतारावर स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारत गाडी चालवत होता.

मोंढ्यात गाडी उभी राहिली की माणसं गोळा व्हायची. बोनेट कुठं उघडतं, पावसात शॉक बसतो का, आवाज नाही तर समोरच्याला कळतं कसं, हे प्रश्न दोन मिनिटांत संपायचे. मग खरा प्रश्न: ‘चार्जिंगला किती पडायलंय?’ भाचा पहिल्या आठवड्यात छातीठोकपणे सांगायचा, ‘दीडशे रुपयांत शंभर किलोमीटर.’ ऐकणारे माना हलवायचे. जुन्या गाडीला तेवढ्याच अंतराला पाच लिटरच्या वर डिझेल लागायचं, म्हणजे पाचशेच्या आगेमागे. साडेतीनशेचा रोजचा फायदा! एकदोघांनी तिथल्या तिथं आपापल्या मेहुण्यांना फोन लावले.

दीडशेचा हिशेब साधा होता. बॅटरी भरायला मीटरमधून चोवीसेक युनिटं जातात, २१.३ पेक्षा जास्त, कारण चार्जर गरम होतो, बॅटरी गरम होते आणि एप्रिल-मेमध्ये परभणी आधीच गरम असते. युनिटला सहा रुपये. झाले दीडशेच्या आत. सहा रुपयांचा आकडा त्यानं घरच्या वीजबिलावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला.

वाचला होता तो बरोबरच. फक्त ती ओळ पहिल्या शंभर युनिटांची होती. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती मीटरला वहन आकार धरून पहिली शंभर युनिटं सहाच्या आत, तिथून तीनशेपर्यंत साडेअकराच्या घरात, पाचशेपर्यंत पावणेसोळाच्या आसपास आणि पाचशेच्या वर पावणेअठरा. वरून सोळा टक्के वीज शुल्क. गाडी रोज चोवीस युनिटं पिते, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे सहाशे. घर एकत्र कुटुंबाचं, तीन भावांचं, त्यांचं आधीचं महिन्याला दोनशे ऐंशीच्या आसपास. तीन हजारांच्या घरातलं बिल पंधरा हजारांच्या घरात आलं.

बिल आलं त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ‘दादा, तू ये. तुला हिशेब कळतो.’ हिशेब कळणाऱ्या माणसाला पाहुणचारासाठी कुणी बोलवत नाही, हे मला एव्हाना माहीत झालंय. गेलो.

भाच्याचे थोरले काका निवृत्त मास्तर. त्यांनी त्रैराशिक मांडलं: एकूण युनिटं आठशे ऐंशी, गाडीची सहाशे, घराची दोनशे ऐंशी, बिल त्या प्रमाणात वाटा. सरळ होतं. पण त्या सरळपणानं घराच्या वाट्याला सव्वातीन हजारांऐवजी पावणेपाच हजार येत होते. धाकट्या काकू म्हणाल्या, ‘आमचा पंखा होता तेवढाच फिरला, टीव्ही होता तेवढाच चालला. मग आम्हाला दीड हजार जास्त कशाचे?’ त्यांचं म्हणणं असं, की घराची युनिटं आधीची, ती स्वस्तातली. गाडी नंतर आली, तर पाचशेच्या वरची सगळी युनिटं तिची. आजींनी त्याला पाठिंबा दिला. आधी बल्ब आला, मग रेडिओ, मग पंखा, फ्रिज, टीव्ही. सगळ्यांत शेवटी गाडी आली. शेवटी आलेल्यानं शेवटचं बिल भरावं.

आजींच्या न्यायानं गाडीच्या वाट्याला युनिटमागं एकोणीस-वीस रुपये येत होते. म्हणजे शंभर किलोमीटरला पावणेपाचशे. साडेतीनशेचा फायदा वीस-पंचवीस रुपयांवर. मोंढ्यात मेहुण्यांना गेलेले फोन आठवून भाच्याचा चेहरा उतरला.

पण तोही परभणीचाच. म्हणाला, ‘आधी कोण आलं ते घरात बघा. मीटरमध्ये आधी कोण आलं ते बघू. रीडिंगवाला गेला त्याच रात्री मी गाडी लावली. चार रात्रींत शंभर युनिटं गाडीनंच संपवली. म्हणजे सहा रुपयांची सगळी माझी. तुमची मालिका लागली तेव्हा वरचा टप्पा सुरू झाला होता. ती तुम्ही महागात बघितली.’

खोलीत शांतता पसरली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. वकिलीत जायला पाहिजे होतं पोरानं, असं मला वाटून गेलं. पाचशेच्या वरचं युनिट नेमकं कुणाचं, या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर असेल. त्या घरात नव्हतं. वीज ज्या तारेतून येते ती एकच, मीटर एकच, आणि युनिटावर कुणाचं नाव कोरलेलं नसतं. पुढच्या महिन्यात मात्र एक फरक पडला. रीडिंगवाल्याची पाठ फिरल्याबरोबर धाकट्या काकूंनी वॉशिंग मशीन लावलं आणि घरातल्या चादरी, पडदे, अगदी पाहुण्यांसाठी बांधून ठेवलेल्या गोधड्यासुद्धा त्या एका दुपारी धुऊन निघाल्या. स्वस्तातली युनिटं गाडीच्या आधी गाठायची होती.

मला यात नवं काही वाटलं नाही. डिझेल येण्याआधीही वाहतुकीचा खर्च असाच घराघराचा वेगळा होता. बैलगाडीला मैलाला किती पडतं, असं मानवतच्या बाजाराला कापूस नेणाऱ्याला विचारलं असतं, तर त्यानं उलट विचारलं असतं, कडबा घरचा की विकतचा? ज्याच्या रानात ज्वारी, त्याचे बैल फुकट चालायचे. ज्याच्याकडं नाही, त्याचे बैल त्याला खायचे. सरकी कुणाकडून, पेंड उधारीवर की रोख, यावर गाडीचं भाडं ठरायचं आणि ते शेजाऱ्याच्या भाड्याशी जुळायचं नाही. मधली साठ-सत्तर वर्षं डिझेलनं सगळ्यांना एका पाटीखाली आणलं. आता पुन्हा ज्याचा त्याचा कडबा आणि ज्याचं त्याचं मीटर. टपरीवर याचा परिणाम दिसतो. बॅटरीवाले दोघं भेटले, की एक म्हणतो आठ रुपये पडायलं, दुसरा म्हणतो अठरा, आणि दोघंही एकमेकांकडं हा खोटं बोलतोय अशा नजरेनं बघतात. दोघंही खरं बोलत असतात. त्यामुळं सरकारला शिव्या घालायचा जो सामुदायिक आनंद होता, तो गेला.

शिवाय डिझेल गेलं म्हणावं तर तसं पूर्ण गेलेलंही नाही. वीजबिलात एक रकाना असतो, ‘इंधन समायोजन आकार’. कोळसा महागला की तो वाढतो. भाच्यानं तो रकाना बोटानं दाखवून विचारलं, ‘मामा, गाडीत इंधन नाही, मग हे कुणाचं?’ परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या गंगाखेडहून फार लांब नाहीत. मी तिकडं हात केला. आमच्याच जिल्ह्यात येलदरीला पूर्णा नदीवर पाण्यावरची वीज होते, मिळून साडेबावीस मेगावॉटची तीन यंत्रं आहेत, पण तारेत शिरल्यावर पाण्याची कोणती आणि कोळशाची कोणती हे ओळखायची सोय नाही. तोही पाचशेच्या वरच्या युनिटासारखाच प्रकार. आणि बँकेचा हप्ता? नव्या गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असतो. म्हणजे पुढच्या काही वर्षांच्या डिझेलचे पैसे एकरकमी शोरूममध्ये देऊन आलो आणि ते बँकेला हप्त्यानं फेडतोय, असंही म्हणता येतं. हे मी भाच्याला म्हटलं नाही. त्याचे वडील तिथंच बसले होते.

सल्ले देणारे कमी नव्हते. सगळ्यात लोकप्रिय सल्ला: शेतात लाव. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे, मग दोन वायरी काढायला काय हरकत? हरकत अशी, की पंपाच्या जोडणीवर मालवाहू गाडी चार्ज करणं हा २००३ च्या वीज कायद्यानं अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचा दंड डिझेलपेक्षा महाग पडतो. त्याहून मोठी हरकत म्हणजे शेतातली लाईट पाळीनं येते, आणि बऱ्याचदा मध्यरात्री. फुकटच्या विजेसाठी रात्री दोन वाजता विहिरीजवळ गाडी घेऊन बसणारा माणूस सकाळी मोंढ्यात कसा पोचणार, हे सल्ला देणाऱ्यांनी सांगितलं नाही.

दुसरा सल्ला फास्ट चार्जरचा. खासगी चार्जरवर युनिटला सहसा पंधरा ते पंचवीस रुपये, जीएसटीसकट. वेळ तासाच्या वर. डिझेल भरताना माणूस गाडीतून उतरतही नाही. इथं तो उतरतो, आणि उतरलेला माणूस खातो. एक चहा, मग भजी, मग समोरचा ओळखीचा निघतो म्हणून दोन चहा. भाच्यानं एकदा असा प्रयोग केला. त्या दिवसाच्या हिशेबात त्याच्या पोटातलं चार्जिंग धरायचं की नाही, यावर आमचं एकमत झालेलं नाही.

खरा उपाय महावितरणच्या दरपत्रकातच होता. वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे. तिथं टप्पे नाहीत, पहिलं युनिट आणि सहाशेवं युनिट एकाच दराचं, आणि तो दर घरच्या वरच्या टप्प्याच्या निम्म्याच्या आसपास. वर जोडभाराप्रमाणं स्थिर आकार. त्यासाठी मीटर वेगळं घ्यायचं. अर्ज करायला घराचे कागद काढले, तेव्हा कळलं की घर आजोबांच्या नावावर, जुनं मीटर आजोबांच्या नावावर आणि आजोबा बरीच वर्षं हार घातलेल्या फोटोत. घर आधी आजींच्या नावावर करू, असं ठरलं. मग वारसा लावणं आलं. वारस म्हटल्यावर दोन्ही आत्या आल्या, एक नांदेडहून, एक पुण्याहून. सही करायला आल्या त्या दोन दिवस राहिल्या, दोघींना साड्या झाल्या, जाताना लोणच्याच्या बरण्या झाल्या. शंभर किलोमीटरला किती पडलं, हे विचारणाऱ्यांनी या साड्याही कुठंतरी धराव्यात अशी माझी नम्र सूचना आहे. पण मीटर आलं, आजींच्या नावावर. घरातलं भांडण मिटलं. गोधड्या पुन्हा वर्षातून एकदा धुतल्या जाऊ लागल्या.

आता भाच्याला खरोखरच स्वस्त पडू लागलं, आणि त्याच वेळी त्यानं मोंढ्यात आकडा सांगायचं बंद केलं. कारण व्यापारी. डिझेल वाढलं की भाच्यानं भाडं वाढवायचं आणि व्यापाऱ्यानं कुरकुरत द्यायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पंपाची पाटी त्याला साक्षी असायची. आता व्यापाऱ्यानं विचारलं, ‘तुझं तर डिझेल सुटलं. भाडं कधी उतरवायलास?’ भाचा म्हणाला, ‘शेठ, लाईटबिल लै यायलंय.’ शेठ म्हणाले, ‘बिल दाखव.’ भाचा म्हणाला, ‘ते आजीच्या नावावर हाय.’

शेठ मोंढ्यात उगीच म्हातारे झालेले नाहीत. त्यांनी दुसऱ्या बाजूनं गाठलं. वीज कंपन्यांचा स्वस्त वेळ अलीकडं बदललाय. पूर्वी कारखान्यांना रात्री दहा ते सकाळी सहा सवलत असायची, कारण रात्री वीज उरायची. आता सौर वीज इतकी झाली, की दुपारी उरते. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकालाही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागं ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सूट मिळते. परभणीच्या उन्हाला कुणीतरी एकदाचा भाव दिला, म्हणायचं. अडचण एवढीच, की नऊ ते पाच गाडी रस्त्यावर असते. त्या वेळात तिला घरी बांधून ठेवली तर वीज स्वस्त पडते आणि धंदा बसतो. शेठनी गोदामाच्या पत्र्यावर गेल्याच वर्षी सोलर बसवलंय. त्यांनी भाच्याला बोलावून चहा पाजला. हेही मोंढ्यात रोज घडत नाही. म्हणाले, ‘दुपारी दोन तास माल भरायला तुझी गाडी माझ्या दारात उभी असतेच. तेवढा वेळ माझ्या प्लगला लाव. लाईट फुकट. भाड्यात मात्र फेरीला दोनशे कमी कर.’

भाचा त्या रात्री वही घेऊन माझ्याकडं आला. साध्या प्लगवर दोन तासांत बॅटरी भरेल ती जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे सातेक युनिटं. आजींच्या मीटरवर ती साठ-सत्तर रुपयांत भरतात. दोनशे सोडून सत्तर मिळवायचे, हा सौदा मास्तरकाकांच्या पाटीवरसुद्धा बसत नव्हता. पण भाच्याला शेठना सरळ नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर युनिटचा खरा दर सांगावा लागणार. मग त्यानं शेठना कळवलंय की विचार करतोय, फक्त गाडी उभी राहते तिथपर्यंत वायर आणि पंधरा अँपिअरचा प्लग लागेल, त्याचा खर्च कुणी करायचा?

शेठ आता त्यावर विचार करतायत. दिवाळीपर्यंत चालेल, असा भाच्याचा अंदाज आहे.